संकटातून आत्मिक वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीतर्फे (चर्चतर्फे) आजारी, शोकग्रस्त आणि अडचणीत सापडलेल्या कुटुंबांना भेटण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. पुढील प्रश्न त्या भेटींत, फोनवर, पत्रांतून आणि कित्येकदा दफनविधी आटोपल्यावर कबरस्तानाच्या फाटकाशी उभे राहून लोकांनी विचारलेले आहेत. तेच प्रश्न पुनःपुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे एके ठिकाणी लिहून ठेवली आहेत. प्रॉटेस्टंट आणि कॅथोलिक परंपरांत जेथे फरक आहे तेथे तो नमूद केला आहे.

१. संकटातून आत्मिक वाढ होते, असे आपण म्हणतो; म्हणजे नेमके काय होते?

याचे सर्वांत नेमके वर्णन ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात केले आहे: संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. येथे ‘शील’ असे भाषांतर झालेल्या मूळ ग्रीक शब्दात धातू पारखून घेण्याची कल्पना आहे. सोनार सोने कसाला लावतो आणि ते खरे ठरते, तसे माणसाचे खरे ठरणे. वाढ म्हणजे मन दगडासारखे घट्ट होणे नव्हे, किंवा संकटानंतर पूर्वीपेक्षा मोठे घर अथवा चांगली नोकरी मिळणे नव्हे. देवाशी अधिक खरेपणाने बोलता येणे, दुसऱ्याचे दुःख लवकर कळणे आणि हातातून गेलेल्या गोष्टींवाचूनही देवाला धरून राहता येणे, एवढाच या शब्दाचा अर्थ मी घेतो.

मात्र ही साखळी संकटापासून सुरू होत नाही, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. तिच्या आधीच्या दोन वचनांत देवाशी झालेला समेट आणि कृपा आहे, आणि तिच्या शेवटी, पाचव्या वचनात, पवित्र आत्म्याद्वारे अंतःकरणात ओतलेली देवाची प्रीती आहे. या दोन टोकांच्या मध्ये संकट येते. ती टोके काढून घेतली तर तेच संकट माणसाला कडवट, संशयी आणि एकाकी करू शकते, आणि पुष्कळांना करतेही. या पानावरील बाकीची सर्व उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत: दुःखाच्या अंगी स्वतःची अशी कोणतीही पवित्रता नसते.

२. मग संकट देवच पाठवतो का?

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, याचे एकच उत्तर नाही, आणि एकच आहे असे सांगणाऱ्याने अर्धे शास्त्र बाजूला ठेवलेले असते. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पित्याच्या शिस्तीची भाषा आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सर्व सृष्टीच कण्हत असल्याचे म्हटले आहे. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात देव माणसांना मनापासून पीडा देत नाही, असे स्पष्ट वचन आहे. योसेफाला त्याच्या भावांनी विकले, ते माणसांच्या मत्सराने. पुढे मिसर देशात त्याने त्यांना सांगितले की, तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले. या वाक्यात भावांचा अपराध तसाच उभा राहतो. देवाने चांगले केले म्हणून त्यांचे कृत्य चांगले ठरत नाही. आपल्यावरच्या प्रसंगाचे कारण सांगता येईलच असे नाही, आणि दुसऱ्याच्या प्रसंगाचे कारण सांगण्याचा अधिकार तर आपल्याला मुळीच नाही.

३. नातेवाईक म्हणतात पूर्वकर्म, मंडळीतले लोक म्हणतात गुप्त पाप. माझा आजार ही खरोखर शिक्षा आहे का?

येशूसमोर हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याने तो नाकारला. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले (लूक १३). जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले, तेव्हा ‘याचेही नाही आणि त्यांचेही नाही’ असे तो म्हणाला (योहान ९).

काही दुःखे मात्र आपण स्वतः ओढवून घेतलेली असतात. दारूने पोखरलेले यकृत किंवा पैशाच्या अफरातफरीनंतर गेलेली नोकरी यांना छळ म्हणता येत नाही. खुनी किंवा चोर म्हणून कोणी दुःख भोगू नये, असे पेत्रानेही बजावले आहे. तेथे पहिले पाऊल पश्चात्तापाचे आहे आणि त्यासाठी एक्कावन्नावे स्तोत्र हाताशी ठेवावे. स्वतःच्या चुकीतून आलेल्या दुःखात कृपा मिळत नाही, असे मात्र शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही.

४. ईयोबाने निमूटपणे सोसले. मग आम्ही का तक्रार करावी?

एकाएकी संपत्ती, दहा लेकरे आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाने निमूटपणे सोसले, हा समज त्याच्या पुस्तकाचे पहिले दोनच अध्याय वाचण्यातून आला आहे. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे वचन आपण प्रत्येक दफनविधीला ऐकतो. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, हे आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही. पुस्तकाचे बेचाळीस अध्याय आहेत आणि त्यांतला फार मोठा भाग म्हणजे त्याचा आक्रोश आणि त्याच्या मित्रांची बरोबर वाटणारी, पण चुकलेली उत्तरे.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे वाईट माणसे नव्हते. ते दुरून आले, त्यांनी वस्त्रे फाडली आणि सात दिवस व सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर काही न बोलता बसून राहिले. ती त्यांची सर्वांत चांगली सेवा होती. पुढे त्यांनी तोंड उघडले, देवाची बाजू मांडायला सुरुवात केली आणि ईयोबाचे पाप शोधू लागले. शेवटी देवाचा राग त्यांच्यावर भडकला. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही, असे देवाने अलीफजाला सुनावले (४२:७). ज्याने देवाला जाब विचारला तो खरे बोलला आणि ज्यांनी देवाचे वकीलपत्र घेतले ते चुकले, हा निवाडा प्रत्येक पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) आणि भेटीस जाणाऱ्या प्रत्येक सेवकाने रोज सकाळी वाचावा, असे मला मनापासून वाटते.

वावटळीतून देव बोलतो, तेव्हाही तो कारण सांगत नाही. ईयोबाची परीक्षा घेण्याविषयी स्वर्गात देवाचे सैतानाशी झालेले बोलणे आपण वाचकांना कळते, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. त्याची वाढ कोणती, हे त्याच्याच शब्दांत आहे: तुझ्याविषयी मी कानांनी ऐकले होते, आता प्रत्यक्ष डोळ्यांनी तुला पाहत आहे. आणखी एक बारकावा आहे. शेवटी त्याची मेंढरे सात हजारांची चौदा हजार होतात, उंट तीन हजारांचे सहा हजार होतात. सर्व काही दुप्पट होते. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली, जन्मतात. गेलेल्या दहा लेकरांची भरपाई झाली, असे पुस्तक म्हणत नाही.

५. मला देवाचा राग येतो. हे पाप आहे का?

स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि ती इस्राएलाच्या उपासनेत मोठ्याने म्हटली जात. त्यांतली बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, परंतु अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रातच आहे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्रातले शब्द येशूने वधस्तंभावर उच्चारले. विलाप आणि अविश्वास यांतला फरक ओळखण्यास सोपा आहे: विलाप करणारा देवाकडे तोंड करून ओरडतो. माझ्या अनुभवात बोलणे बंद केलेल्या माणसाची काळजी अधिक करावी लागते.

६. प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. देवाने मला सोडले आहे का?

ही कोरड फार जुनी आणि फार थोर माणसांना ठाऊक असलेली आहे. स्पेनमधील क्रूसभक्त संत योहान यांना १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातील माणसांनी पकडून तोलेदो येथे अरुंद कोठडीत डांबले. सुमारे नऊ महिन्यांनी, १५७८ च्या ऑगस्टमध्ये, ते तेथून निसटले. त्या कोठडीत त्यांनी रचलेली कविता आणि नंतर लिहिलेले ‘काळ्या रात्री’चे विवेचन आजही मार्गदर्शक आहे. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. कित्येक दशके त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव जवळजवळ नव्हती, आणि त्याच दशकांत त्या रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसांना उचलून आणत होत्या. देव जाणवणे आणि देव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशा काळात लहान, ठरावीक प्रार्थना पुरेशी आहे: प्रभूची प्रार्थना, एक स्तोत्र, कॅथोलिक वाचकांसाठी रोझरीचे (जपमाळेचे) एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप. झोप, भूक आणि कामातले लक्षही गेले असेल, तर प्रश्न १४ अवश्य वाचावा.

७. विश्वास कमी म्हणून मी बरा होत नाही, असे एका सभेत सांगण्यात आले. औषधे बंद करू का?

औषधे बंद करू नयेत.

पौलाच्या हातून आजारी बरे झाले, परंतु त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीन वेळा विनंती करूनही निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळाले. त्याने आपला सहकारी त्रोफिम याला मिलेत येथे आजारी अवस्थेत ठेवले, असे तो स्वतः लिहितो. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक हा वैद्य होता. यांपैकी कोणाचाही विश्वास कमी होता, असे शास्त्र म्हणत नाही.

माझ्या पत्नीच्या शेवटच्या आजारात एक उपदेशक आमच्या घरी आले आणि तिच्या उशाशी उभे राहून, पूर्ण विश्वास असता तर तुम्ही आतापर्यंत उठला असता, असे बोलले. ते गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड केले आणि त्या दिवशी ती कोणाशीही बोलली नाही. जी बाई वेदनेतही रोज पहाटे स्तोत्र म्हणत होती, तिला त्या एका वाक्याने आपल्या प्रार्थनेचीच लाज वाटू लागली. हे मी कटुतेने लिहीत नाही. असे वाक्य कोणाच्याही तोंडून पुन्हा निघू नये, म्हणून लिहीत आहे.

८. ‘देव सोसवेल तितकेच देतो’ हे वचन कोठे आहे?

या रूपात ते कोठेही नाही. लोकांच्या मनात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातील तेरावे वचन असते. तेथे विषय पापात पाडणाऱ्या परीक्षेचा आहे, आणि देव त्या परीक्षेतून निभावण्याचा उपाय करील, असे आश्वासन आहे. दुःखाच्या वजनाविषयी तोच पौल दुसऱ्या पत्राच्या आरंभीच कबूल करतो की, आशियात आम्ही आमच्या शक्तीपलीकडे दडपले गेलो, इतके की जगण्याचीही आशा उरली नाही. म्हणून ‘मला हे सोसवत नाही’ असे म्हणणारा माणूस अविश्वासू नाही. त्याच्या ओझ्याला दुसऱ्याचा खांदा हवा आहे, आणि ‘एकमेकांची ओझी वाहा’ ही गलतीकरांस पत्रातली आज्ञा त्यासाठीच आहे.

९. वेदना हे देवाचे वरदान आहे, असे प्रवचनात ऐकले. हे खरे मानावे का?

यामागे एक खरी आणि सुंदर गोष्ट आहे. डॉ. पॉल ब्रँड हे तामिळनाडूतील मिशनरी कुटुंबात जन्मलेले शल्यविशारद १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करू लागले. कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसले की बहुतेक हानी आजाराने थेट होत नाही, तर संवेदना गेल्यामुळे होते: चटका, खिळा किंवा घासणारी चप्पल कळतच नाही, जखम चिघळते आणि अवयव जातो. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे, हे त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले.

परंतु हा दृष्टान्त मर्यादेतच वापरावा. पहारेकऱ्याचे काम इशारा देणे आहे. इशारा मिळाल्यावर उपचार करायचे असतात. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील वेदना कोणताही उपयोगी इशारा देत नाही, आणि ती औषधाने शमवणे हे ख्रिस्ती कर्तव्यच आहे. स्वतः ब्रँड यांनीही रुग्णांचे हात शस्त्रक्रियेने पुन्हा वापरण्याजोगे करण्यात आपली वर्षे घालवली.

१०. नवरा मारतो. मंडळीतील वडीलधारे म्हणतात, हा तुझा क्रूस आहे, सोस म्हणजे वाढशील. मी काय करावे?

ताई, हा तुमचा क्रूस नाही. येशूने आपला क्रूस इतरांच्या तारणासाठी स्वेच्छेने उचलला; दुसऱ्याने लादलेला मार हा त्या शब्दात बसत नाही. नासरेथात लोक त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात त्याच्यावर धोंडे उचलले गेले, तेव्हा तो लपून बाहेर पडला. पौलाला दिमिष्कात मारण्याचा कट झाला, तेव्हा शिष्यांनी त्याला रात्री पाटीत बसवून तटावरून खाली सोडले; आणि पुढे फटके मारण्यासाठी त्याला बांधले, तेव्हा त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला. जीव वाचवणे आणि कायद्याचा आधार घेणे या दोन्ही गोष्टी प्रेषिताने केल्या आहेत.

भारतात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे. त्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा हक्क मागता येतो. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ आहे. क्षमा आणि घरी परत जाणे यांचीही गल्लत करू नये: क्षमा तुमच्या मनात होऊ शकते, परत जाण्यासाठी मात्र मारणाऱ्यात प्रत्यक्ष, टिकलेला बदल दिसावा लागतो. वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय पंचविसाव्या वचनापासून, म्हणजे पतींनी पत्नीवर प्रीती करावी या आज्ञेपासून, नवऱ्याला बसवून वाचून दाखवावा.

११. वसईकडे आमच्या आज्या म्हणत, दुःख देवाला अर्पण कर. याचा अर्थ काय?

ही कॅथोलिक परंपरेतील शिकवण आहे आणि तिचा आधार कलस्सैकरांस पत्रातील पहिल्या अध्यायाचे चोविसावे वचन आहे, जेथे पौल आपली दुःखे ख्रिस्ताच्या शरीरासाठी, म्हणजे मंडळीसाठी, असल्याचे सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि १९८३ च्या डिसेंबरात त्यांनी तुरुंगात जाऊन हल्लेखोराची भेट घेतली होती. त्यामुळे ते पत्र केवळ अभ्यासिकेत बसून लिहिलेले नाही. ख्रिस्ताच्या दुःखाशी स्वतःचे दुःख जोडता येते, आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या दुःखापुढे येशूच्या दृष्टान्तातील जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या दयाळू शोमरोन्याप्रमाणे थांबलेच पाहिजे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अर्पणाची ही भाषा कमी आढळते, कारण ख्रिस्ताचे अर्पण एकदाच आणि परिपूर्ण झाले, यावर तेथे भर असतो. मात्र अर्पण करणे ही दुःखी माणसाने स्वतः उच्चारायची प्रार्थना आहे. आजीने ती नातवंडाला शिकवावी, पण रडणाऱ्याला गप्प करण्यासाठी वापरू नये.

१२. संकटाने वाढ होते, तर संकट मागावे का?

नाही. येशूने ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ अशी प्रार्थना शिकवली आणि गेथशेमाने बागेत स्वतः दुःखाचा प्याला टळावा असे मागितले. आद्य मंडळीचाही हाच विवेक होता. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथे वृद्ध बिशप पोलिकार्प हुतात्मा झाले. त्या प्रसंगाच्या जुन्या वृत्तान्तात क्विंतुस नावाच्या माणसाचा उल्लेख आहे, जो आपण होऊन हौतात्म्यासाठी पुढे झाला आणि श्वापदे पाहताच खचला. वृत्तान्त लिहिणारे म्हणतात की, आपण होऊन स्वतःला स्वाधीन करणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करीत नाही.

१३. आपल्या मराठी माणसांतले एखादे उदाहरण सांगाल का?

पंडिता रमाबाईंचे सांगतो, पण जसे घडले तसे सांगतो, कारण त्यांचे चरित्र फार वेळा गुळगुळीत करून सांगितले जाते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. दक्षिणेतील दुष्काळाच्या वर्षांत काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी, पायी, देशभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव झाला. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. चोविसावे वर्ष पुरे होण्याआधीच या बाईने जवळजवळ सगळे माहेर आणि संसार गमावला होता.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुःखाने लगेच श्रद्धा परिपक्व झाली, असे मात्र त्यांच्या बाबतीत घडले नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला कळले की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. या प्रांजळपणाचे मोल मला फार वाटते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढे ते पुण्यास हलवले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व बायका घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. दुष्काळ पाहून त्यांना उपदेश सुचला नाही, भुकेल्या मुली दिसल्या, कारण भुकेने माणूस कसा जातो हे त्यांनी घरात पाहिले होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, ज्या सांत्वनाने देवाने आपले सांत्वन केले त्याच सांत्वनाने इतरांचे करावे, असे म्हटले आहे. त्या वचनाचा अर्थ मला केडगावकडे पाहून कळला.

त्यांचे संकट तेथे संपले नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचे मराठी भाषांतर करीत असताना १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. एकुलत्या लेकीच्या मृत्यूला कोणताही उज्ज्वल शेवट जोडता येत नाही, आणि जोडू नये.

१४. डॉक्टर म्हणतात नैराश्य आहे. पाळक म्हणतात आत्मिक लढा आहे. कोणाचे ऐकू?

डॉक्टरांकडे जावे आणि प्रार्थनाही करावी. कर्मेल डोंगरावरील विजयानंतर एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झाडाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. देवाचे बोलणे त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आले. मरणाचे विचार येत असतील तर सकाळची वाट न पाहता घरातल्या कोणाला तरी जवळ बसवावे आणि ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोलावे.

१५. ख्रिस्त स्वीकारल्यामुळेच घर तुटले. यातून वाढ कशी शोधायची?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले आणि त्या कित्येक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि आपल्या वेळेला, आपल्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तुटलेल्या घरातील दोन्ही बाजूंचे दुःख खरे असते, हे नवविश्वासी फार लवकर विसरतो. घरच्यांना पत्र लिहीत राहावे, सणावारी आईच्या पाया पडायला जावे, वाद टाळावा. काही घरे पुन्हा जुळतात, काही जुळत नाहीत. जुळली नाहीत म्हणून आपली साक्ष फसली, असे समजू नये.

१६. मूल गेलेल्या आईला काय म्हणावे?

‘देवाला फुले आवडतात’, ‘तुम्ही तरुण आहात, पुन्हा होईल’, ‘यात काहीतरी चांगले असेल’, यांपैकी एकही वाक्य बोलू नये. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्रातले वचन खरे आहे, पण ते त्या आईने आपल्या वेळेला स्वतः उच्चारावे. आपला मेलेला मित्र लाजर याला आपण उठवणार, हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. डबा न्यावा. गेलेल्या लेकराचे नाव घेऊन बोलावे, कारण सगळे ते टाळत असतात. आणि गर्दी ओसरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जावे.

१७. मंडळीत उभे राहून माझ्या संकटाची साक्ष द्या, असा आग्रह होतो. द्यावी का?

मन तयार असेल तरच द्यावी, आणि शेवट गोड नसला तरी द्यावी. ‘मी अजून अंधारात आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा’ ही संपूर्ण साक्ष आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी बेथलेहेमास परतली, तेव्हा बायकांना म्हणाली की मला ‘नामी’ म्हणू नका, ‘मारा’ (म्हणजे कडू) म्हणा, कारण सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिला आहे. आणि गावाने तिला तशीच घरात घेतली.

१८. माझ्यात वाढ झाली हे कसे ओळखावे? आणि झालीच नसेल तर?

स्वतःला ती सहसा दिसत नाही. भोवतालच्यांना आधी दिसते. पूर्वी ज्याच्यावर खेकसत होता त्याचे ऐकून घेता का, दुसऱ्याच्या घरातील आजारपणाची बातमी कळताच पाय तिकडे वळतात का, प्रार्थनेत सजवलेली वाक्ये कमी झाली का, एवढे पाहावे. रडू थांबणे हे वाढीचे लक्षण नाही. याकोब यब्बोक नदीपाशी रात्रभर देवाशी झोंबला, आशीर्वाद घेऊन निघाला आणि लंगडत निघाला. पुनरुत्थित प्रभूनेही थोमाला हातांवरचे व्रण दाखवले.

आणि काहीच वाढ झाली नसेल, उलट श्रद्धा झिजल्यासारखी वाटत असेल, तर तो तुमचा नापास निकाल नाही. संकट ही वाढ करून दाखवण्याची परीक्षा आहे, असे कोणी सांगितले असेल तर प्रश्न १ चे उत्तर पुन्हा पाहावे. काही वर्षे नुसती तग धरण्याची असतात. त्या वर्षांत तुमच्या वतीने मंडळीने विश्वास धरावा. पक्षघाती माणसाला छप्पर उघडून चौघांनी खाली सोडले, तेव्हा येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला, असे मार्क लिहितो.

१९. मला आज रात्री फक्त एवढेच सांगा: कोठून सुरुवात करू?

तेराव्या स्तोत्रापासून. त्याला सहाच वचने आहेत आणि पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ते मोठ्याने वाचावे. शेवटच्या दोन वचनांपर्यंत मन आज पोहोचत नसेल, तर चौथ्यावर थांबावे, पुस्तक उघडेच ठेवावे आणि झोपावे. उद्या पुन्हा तेथूनच वाचावे, आणि जमल्यास शेजारी कोणाला तरी बसवून घ्यावे.